ठिपक्यांतले बाबा

देवयानी सुर्वेला माणसं आधी चालीवरून कळायची, चेहरा मागाहून. आता कुवेतमधल्या सालमियात, सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पाहिलं तर चेहरे दिसतातच कुठे? दिसतात ती डोकी, खांदे आणि फुटपाथवर मागंपुढं होणारे पाय. शाळेतून आल्यावर दुधाचा पेला हातात घेऊन ती त्या खिडकीत बसायची, आणि खालचा रस्ता तिच्यापुढून सावकाश, जणू पाण्याखालून सरकत जायचा. बकाल्यातला, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातला, पोऱ्या पाण्याचे कॅन घेऊन डुलत जायचा. समोरच्या इमारतीतला म्हातारा इजिप्शियन दुकानदार एका खांद्यानं वारा कापत निघायचा. हॉस्पिटलच्या बसमधून उतरणाऱ्या नर्सेसच्या घोळक्यात आपली आई कोणती, हे तर बस थांबता थांबता कळायचं. कारण दिवसभराच्या ड्यूटीनंतर प्रेमा सुर्वे पहिली काही पावलं टाचा टेकवायचीच नाही.

"आई आली," देवयानी सांगायची.

बाबा पेपर खाली ठेवून खिडकीशी यायचे. "तुला कुठनं कळतं गो बाय, इतक्या वरनं?"

कुठून कळतं ते तिला सांगता यायचं नाही. पोरगी वर्गात खिडकीबाहेर बघत बसते, अशी तक्रार शाळेतून आली तेव्हा आईच्या कपाळाला आठी पडली आणि बाबा नुसते हसले. उल्हास सुर्वे हा माणूस हसण्यात उदार आणि बोलण्यात महाकंजूष. संगमेश्वराजवळच्या गावातून उठून आले, कुवेतच्या एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळू लागले, आणि दिवसभर यंत्रांशी मुकाट्यानं राहून राहून घरीही तसेच राहू लागले, असं प्रेमाचं म्हणणं. देवयानीला ते पटायचं नाही. बाबा गावीही असेच असणार. काही माणसं जन्मतःच शब्द जपून वापरतात.

बारावीनंतर डॉक्टर, इंजिनीअर आणि सीए अशा तीनच वाटा देवानं आखल्यात असं मानणाऱ्या मंडळींत देवयानीनं एक दिवस जाहीर केलं, की ती किनेसिऑलॉजी शिकणार. इथंच, कुवेतमध्ये, एका खाजगी विद्यापीठात नवीनच निघालेली पदवी होती. तो शब्द घरात नीट उच्चारला जाईपर्यंत पहिली सहामाही संपली.

"पण असतं काय ते?" आईनं विचारलं.

"शरीर हलतं कसं त्याचं सायन्स, आई. आपण चालतो कसे, वाकतो कसे, पडता पडता सावरतो कसे."

रत्नागिरीहून उल्काआत्यानं फोनवर हे ऐकलं आणि ती खो खो हसली. "म्हणजे चालायला शिकवतात? अगो, ते तर तू वर्षाची असतानाच शिकलीस की!"

इथल्या मराठी मंडळींनी वेगळी तोड काढली. "म्हणजे फिजिओ ना?" असं विचारायचं आणि "नाही" हे उत्तर न ऐकताच पाय पुढं करायचा. मराठी मंडळाच्या प्रत्येक हळदीकुंकवाला देवयानीपुढं तिळगुळाआधी गुडघे यायचे. ती हसून बघायचीही. पण एक गोष्ट तिला मनातून लागायची. कुणी बाबांना विचारलं, "मुलगी काय करते, सुर्वे?" तर बाबा म्हणायचे, "शिकते." आणि लगेच पाण्याच्या बाटल्या मांडायला निघून जायचे. काय शिकते, ते कधी सांगायचे नाहीत. घरीही विचारायचे नाहीत. बाकीचे बाप मुलांचं मेडिकल नि इंजिनीअरिंग छातीवर पदकासारखं मिरवत असताना हा बाप बाटल्या मोजत बसे. बाबांना आपल्या शिक्षणाची लाज वाटते, असं देवयानीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवलं की सगळे पुरावे त्याच बाजूचे दिसतात. तिलाही दिसत गेले.

तिसऱ्या वर्षी तिला ती खोली भेटली.

विद्यापीठाच्या तळमजल्यावर टोकाला, खिडक्या नसलेली, लांबट खोली. मधोमध फळ्यांची एक पायवाट. तिच्या फळ्या यासिरच्या अब्बांनी शहराबाहेर अम्गऱ्यातल्या आपल्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये कापून दिलेल्या. यासिर तिचा वर्गमित्र. कुवेतमध्येच वाढलेला पाकिस्तानी मुलगा, आणि त्या फळ्यांचा अभिमान त्याला पदवीपेक्षा जास्त. भिंतींवर चहूबाजूंनी कॅमेरे. चालणाऱ्याच्या सांध्यांवर, घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, खांद्याला, मानेला, मनगटाला, चकचकीत राखाडी गोळ्या चिकटवायच्या. दिवे मंद करायचे. मग पडद्यावर बघायचं.

पडद्यावर माणूस नसतोच. काळोख असतो आणि त्यात पांढरे ठिपके. चेहरा नाही, कपडे नाहीत, वय नाही, देश नाही. ते ठिपके एकमेकांना न सोडता हलत असतात, आणि बघणाऱ्याला लख्ख कळतं की हे चालणं आहे, हा माणूस आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा देवयानीच्या अंगावर काटा आला. लहानपणापासून खिडकीतून ती जे बघत होती ते कुणीतरी बाकी सगळं पुसून तिच्यापुढं ठेवलं होतं. त्या दिवशी बसमधून घरी येताना तिला अख्खं सालमिया ठिपक्यांचं दिसलं. सिग्नलला थांबलेले ठिपके, पिशव्या सांभाळणारे ठिपके, एकाचा हात धरून उड्या मारत निघालेले छोटे ठिपके. तिचा स्टॉप मागं गेला तरी तिला कळलं नाही.

खोलीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र दिसतच नाही. पायवाटेच्या मध्यावर, फळ्यांच्या पातळीत, एक चौकोनी धातूची प्लेट बसवलेली. तिच्यावर पाऊल पडलं की जमिनीला किती भार दिला आणि जमिनीनं तो कसा परत केला, याची रेघ पडद्यावर उमटते. धडधाकट माणसाच्या रेघेला दोन उंचवटे येतात. एक टाच टेकताना, एक पाऊल उचलताना. "कुवेतच्या उंटाला एक, आपल्याला दोन," यासिर म्हणायचा.

आणि त्या प्लेटबद्दल डॉक्टर हनान यांचा एकच कडक नियम होता. डॉक्टर हनान म्हणजे विभागप्रमुख, अलेक्झांड्रियाच्या. आवाज मऊ आणि नजर सुरीसारखी. चालणाऱ्याला प्लेट कुठं आहे ते सांगायचं नाही. ती आहे हेसुद्धा सांगायचं नाही. म्हणून तर तिच्यावर फळ्यांच्याच रंगाचं आवरण घातलेलं. ज्याला कळलं तो तिच्यासाठी चालतो. पाऊल तिच्यावर नेमकं पाडायला जातो, नाहीतर चुकवायला जातो, आणि मग तुम्ही चाल मोजत नाही, त्याचा विचार मोजता.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी देवयानीनं विषय घेतला, पन्नाशी ओलांडलेल्या बैठ्या माणसांची चाल. माणसं मिळवायला मंडळ होतंच. ऑडिटर चंद्रहासकाका आले ते वरातीतल्या नवरदेवासारखे छाती काढून चालले. "काका, रोज चालता तसं चाला," म्हटल्यावर ते आणखीच बिघडले. "रोज चालता तसं" असं सांगितलं की माणसाला आपल्याला पाय आहेत याची आठवण होते, आणि मग त्यांचं काय करावं ते कळेनासं होतं. बऱ्याच खेपा घातल्यावर, घामाघूम झाल्यावर, कंटाळल्यावर कुठं काका काकांसारखे चालू लागले.

"बाबांनाही ने की," एकदा जेवताना आई म्हणाली. "दिवसभर खुर्चीत तर बसलेले असतात."

देवयानीनं बाबांकडं बघितलं नाही. "त्यांना कुठं इंटरेस्ट आहे!"

बाबांनी आमटीचा भुरका घेतला. "शनिवारी येतो," म्हणाले.

शनिवारी ते आले तर इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, भांग पाडलेला. नातेवाइकाच्या साखरपुड्याला निघाल्यासारखे. खोलीच्या दाराशी त्यांनी बूट काढले. खरं तर ते कुणी सांगितलं नव्हतं, पण अनवाणीच चालवायचं होतं म्हणून देवयानी काही बोलली नाही. बाबा कॅमेऱ्यांकडं, पडद्याकडं, फळ्यांकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की तिचा इतक्या वर्षांचा राग एकदम पातळ झाला आणि त्याच्या जागी लहान मुलाची हौस आली. चित्र काढलं की बाबांना ओढत नेऊन दाखवायची, ती हौस. त्या हौसेत ती डॉक्टर हनान यांना विसरली. नियम विसरली. बाबांचा हात धरून तिनं त्यांना पायवाटेच्या मध्यावर नेलं आणि आवरणाची कड उचलून प्लेट दाखवली.

"बाबा, हे बघ. हीच ती. मी जे काही शिकले ना, एव्हरीथिंग, ते हिच्यातून आलंय. हेच माझं पुस्तक समज."

बाबा वाकून बराच वेळ बघत राहिले. "बरं," म्हणाले.

मग तिनं गोळ्या चिकटवल्या. घोट्याला लावायला ती खाली बसली, तसे बाबांनी पाय आक्रसून मागं घेतले. "तू कशाला, दे मी लावतो." ती हसली, पाय धरून ठेवला, गोळी चिकटवली. दिवे मंद केले, पडद्यापुढं जाऊन बसली आणि हाक मारली, "चाल, बाबा."

ठिपके निघाले. हजारात ओळखले असते तिनं हे ठिपके. उजवा खांदा किंचित खाली, ऑफिसच्या बॅगेनं केलेला. दर पावलाला मान हलकीशी पुढं, जणू रस्त्याशी "हो, हो" म्हणत चाललेत. किती शांत चाल होती ती! आणि मध्यावर आल्यावर ती तुटली.

पाऊल उचललं गेलं आणि हवेतच थबकलं. मग छोटं, फरफटलेलं पाऊल, आणखी एक तसलंच. गुडघा थरथरला. मग एकदम लांब ढांग, आणि पुढं पुन्हा सगळं सुरळीत.

"बाबा, नॉर्मल चाल. रोजसारखा."

पुन्हा तेच. परत येताना तेच. ती जितक्या वेळा "नॉर्मल" म्हणाली तितक्या वेळा ठिपके त्याच जागी अडखळले. शेवटी बाबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "आज नाय जमत बाय," म्हणाले, आणि बूट घालायला बसले.

बाबा गेल्यावर देवयानी पडद्यापुढं बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढं दिनकरआबा उभे होते, बाबांचे वडील. त्यांना कंपवात होता. पण हात कापायला लागण्याच्या कितीतरी आधी त्यांचे पाय अडकायचे. घरातून पडवीत येताना दाराशी यायचे आणि तिथंच खिळायचे. बारीक बारीक पावलं जागच्या जागी पडायची, आणि मग कुणीतरी हात दिला की एकदम पुढं जायचे. लहानग्या देवयानीला तो खेळ वाटायचा. मे महिन्याच्या सुट्टीत तीही त्यांच्या शेजारी तशी थबकून उभी राहायची. मग पुढच्या प्रत्येक सुट्टीत आबा थोडे थोडे कमी होत गेले. चेहरा हलेना, शब्द फुटेनात, शेवटी तर डोळ्यांत पाणी आलं तरी ते पुसायला हात वर जाईना. बाबा तेव्हा रजा काढून गावी गेले होते आणि परत आले ते महिनाभर कुणाशी बोलले नव्हते.

आता ती त्या आजाराचं सगळं शिकली होती. पाय अडकण्याला काय म्हणतात, का अडकतात, पुढं काय होतं. शिकली नसती तर बरं झालं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. आई नर्स, एक शब्द काढला असता तर दुसऱ्या दिवशी बाबा तपासणीच्या टेबलावर असते, आणि मग ते खरं ठरलं असतं. तोंडातून बाहेर काढलं नाही तोवर ते अजून झालेलं नाही, असं काहीतरी वेडं गणित तिनं मनाशी मांडलं. आणि गुपचूप बाबांवर पाळत ठेवायला लागली.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगाच नाही. जमियामध्ये, म्हणजे वस्तीतल्या सहकारी भांडारात, भाजी घेताना बाबा चालत असले की त्यांचा उजवा हात हलत नाही, हे तिला दिसलं. हातात कांद्याची पिशवी होती, हे दिसलं नाही. सरकत्या जिन्याशी ते थबकले, ती घाबरली. पुढं एक आजीबाई चढत होत्या. या आजारात वास आधी जातो, हेही तिला ठाऊक होतं. एका संध्याकाळी तिनं हिंगाची डबी उघडून बाबांच्या नाकाखाली धरली.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"वास नाही येत?"

"कसला वास?"

तिनं डबी मिटून टाकली. बाहेर दोन दिवस धुळीचं वादळ घोंघावत होतं, अख्ख्या कुवेतची नाकं चोंदली होती, तिचंसुद्धा. पण एवढा साधा विचार करायला डोकं थाऱ्यावर लागतं.

मनी वसे ते स्वप्नी दिसे. तिच्या स्वप्नात रोज तीच खोली यायची, पण भिंती नसलेली, चहूकडं समुद्रासारखा काळोख, आणि त्यात बाबांचे ठिपके दूरवरून चालत यायचे. मान हलवत, रस्त्याशी "हो, हो" म्हणत. जवळ आले की घोट्याचा ठिपका विझायचा. मग गुडघ्याचा. मग मनगटाचा. ती हात पुढं करायची तर हातात काहीच यायचं नाही. जागी व्हायची तेव्हा बाबा स्वयंपाकघरात चहा उकळत असायचे आणि आलं ठेचल्याचा आवाज येत असायचा. तो आवाज ऐकत ती उशीत तोंड खुपसून रडायची. मला बाबा हवेत, एवढंच तिला कळत होतं. लाज वाटणारे, न बोलणारे, कसेही असोत; असेच, चालत येणारे हवेत.

तिचा चेहरा बघून शेवटी यासिर म्हणाला, "यार, तू हनान मॅडम को दिखा दे. अकेली देखती रहेगी तो पागल हो जाएगी."

तिनं दाखवलं. डॉक्टर हनाननी खुर्ची ओढली, ठिपके एकदा बघितले, दोनदा बघितले. देवयानीनं आबांचं सांगितलं. सांगता सांगता आवाज चिरकला. त्यांनी पडद्याची दुसरी बाजू उघडली, प्लेटची. तिथं रेघ होती ती सरळ, आडवी, रिकामी. पहिल्या खेपेला रिकामी, दुसऱ्या खेपेला रिकामी, सगळ्या खेपांना रिकामी. ही बाजू देवयानीनं उघडलीच नव्हती. ती फक्त ठिपके बघत बसली होती, मुलगी बघते तशी.

"अडकणारं पाऊल कुठंही पडतं," डॉक्टर हनान म्हणाल्या. "हे पाऊल दरवेळी एकाच वस्तूला चुकवतंय. तुझ्या वडिलांना माहीत होतं प्लेट कुठं आहे?"

देवयानीनं मान खाली घातली. "मीच दाखवली."

त्या रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त चष्मा काढला. "मग त्यांनाच विचार, का चुकवलीस म्हणून. मला विचारून काय उपयोग?"

त्याच संध्याकाळी बाबा समुद्राकाठी फिरायला निघाले तशी तीही निघाली. वादळ बसलं होतं. हवा धुऊन काढल्यासारखी, पाणी दुधी आणि पलीकडच्या दिव्यांची लांबलांब झुंबरं पाण्यात लोंबत होती. लोक चालत होते. बाबागाड्या, सायकली, अबाया सावरत जाणाऱ्या मैत्रिणी. सगळं सावकाश आणि दूरचं वाटत होतं. विचारायचा धीर होईपर्यंत बरीच वाट मागं पडली.

"बाबा, त्या दिवशी लॅबमध्ये... तू त्या प्लेटवर पाय ठेवला नाहीस."

बाबा जागीच थांबले. चेहरा एकदम ओशाळा झाला. "का गो? लागला होता की काय चुकून?"

"म्हणजे?"

"मी जपत होतो बाय. पण तू सारखी 'नॉर्मल, नॉर्मल' म्हणत होतीस, त्यात माझं पाऊल नीट पडेना. एकदा तर लागता लागता राहिला. यंत्राला काय झालं नाय ना?"

"पण जपत कशाला होतास?"

"कशाला म्हणजे?" बाबांना प्रश्नच कळेना. "तूच सांगितलंस ना, मी शिकले ती सगळी विद्या ह्यात आहे, हे माझं पुस्तक. पुस्तकाला कोण पाय लावतो काय?"

ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तिथंच काठावरच्या बाकावर बसून ती हुंदके देऊन रडली. येणारे जाणारे बघायला लागले, तसे बाबा तिच्यासमोर आडोसा करून उभे राहिले आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "झालं काय? काय झालं गो?" तेव्हा तिनं सगळं सांगितलं. आबांचे पाय, कांद्याची पिशवी, हिंग, स्वप्नातले विझणारे ठिपके.

बाबा तिच्या शेजारी बसले.

"इतके दिवस हे एकटी घेऊन फिरलीस?" म्हणाले. "आबांचं मी बघितलंय. तसला विचार एकट्यानं करायचा नसतो. मला सांगायचंस. मी बाप ना तुझा?"

"तू तरी कुठं काय विचारतोस? कुणी विचारलं तर 'शिकते' म्हणतोस आणि पळतोस. मला वाटायचं तुला माझी लाज वाटते."

"लाज?" बाबांनी तिच्याकडं असं बघितलं की तिलाच लाज वाटली. "अगो, मला त्यातलं कळत नाय. तुझ्या पुस्तकांतलं एक पान एकदा वाचायला घेतलं होतं, तू कॉलेजात गेली होतीस तेव्हा. शब्द लागेनात. ज्यातलं आपल्याला कळत नाय त्याबद्दल चारचौघांत काय बोलायचं? काहीतरी चुकीचं बोललो तर कमीपणा तुझ्या शिक्षणाला येणार. म्हणून आपला गप राहतो."

एवढं सलग बोलल्यावर ते दमल्यासारखे झाले. देवयानीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, त्या उतरत्या खांद्यावर. समुद्रावरून वारा येत होता आणि तिला कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेता येत होता.

घरी कळल्यावर प्रेमानं दोघांनाही फैलावर घेतलं. "मी घरात नर्स बसलेय आणि ही पोरगी हिंगाच्या डब्या हुंगवत फिरतेय! काखेत कळसा नि गावाला वळसा!" ओरडून झालं, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं बाबांना आपल्या हॉस्पिटलातल्या मेंदूच्या डॉक्टरांपुढं नेऊन उभं केलं. त्यांनी चालवलं, लिहायला लावलं, बोटं नाचवायला लावली, आणि सर्दीचं औषध देऊन परत पाठवलं.

पुढच्या शनिवारी बाबा पुन्हा लॅबमध्ये आले. डॉक्टर हनान एका बाजूला उभ्या होत्या. आता प्लेट ठाऊक झालीच आहे, तर ती विसरेपर्यंत चालवत राहा, असं त्यांनी सांगितलं होतं. देवयानीनं बाबांना समजावलं, "बाबा, हे पुस्तक पायानंच वाचतात. तू पाय ठेवलास तरच मला काहीतरी कळणार आहे. ठेवशील ना?"

"तू म्हणतेस तर ठेवतो," बाबा म्हणाले.

दिवे मंद झाले. देवयानी पडद्यापुढं जाऊन बसली. "चाल, बाबा."

काळोखात पांढरे ठिपके निघाले. खांदा, मान, मनगट, गुडघे, घोटे, सगळे आपापल्या जागी. ते मध्यावर आले आणि थांबले. मग ते सगळेच्या सगळे ठिपके हळूहळू खाली वाकू लागले. खांदे वाकले, कमर वाकली, गुडघे जमिनीशी आले. मनगटाचा ठिपका पुढं झाला आणि तळाशी, जिथं प्लेट होती तिथं, टेकला. रिकाम्या रेघेवर एक बारीकसा उंचवटा आला, हात ठेवावा इतकाच. मग तो ठिपका वर गेला, कपाळापाशी थांबला आणि खाली आला.

बाबा उठून उभे राहिले आणि त्यांनी पाऊल टाकलं. पूर्ण, निवांत, सगळ्या भारानिशी. पडद्यावर दोन उंचवटे उमटले, पुस्तकातल्यासारखे सुरेख. ठिपके पलीकडच्या टोकाला गेले आणि वळून उभे राहिले. डॉक्टर हनान यांनी तोंडावर हात धरला होता.

"काय गो, बरोबर आलं का?" काळोखातून बाबांनी विचारलं.

बरोबर आलं होतं. देवयानीला पडदा दिसेनासा झाला होता. तिनं ओढणीनं डोळे पुसले, आवाज शक्य तितका साधा केला आणि म्हणाली,

"परत एकदा चाल, बाबा. मला नीट बघायचंय."